नितळ दिसलं म्हणून

मंगळवार, रात्रीचे १०

आज तीन आरसीटी (रूट कॅनल) झाल्या. लिहायचंय ते दुसरीबद्दल. सत्तरीतले काका, खालची पहिली दाढ. बारीक कानशीसारख्या फाइलनं मुळातल्या नळ्या, म्हणजे कॅनल, खरवडून झाले, बाजूला भोक असलेल्या सुईनं हायपो (धुवायचं औषध, सोडियम हायपोक्लोराइट) सोडला, वर आला तो नितळ. तीन-चार वर्षांपूर्वी मी इथेच खूश होऊन कॅनल भरायला घेतला असता.

फाइल गोल फिरते, कॅनल काही गोल नसतो. मायक्रो-सीटीत (दाताच्या अतिसूक्ष्म स्कॅनमध्ये) बघितलं तर भिंतीचा ३५ टक्के किंवा जास्तच भाग फाइलनं शिवलेलाही नसतो. त्यात या दाढेच्या पुढच्या मुळातले दोन कॅनल आतून चिंचोळ्या फटीनं जोडलेले. तिथे पोचलं तर औषधच पोचणार. आणि औषध सुईच्या तोंडापुढे जेमतेम मिलिमीटरभर जातं. मुळाच्या टोकाशी हवेचा बुडबुडा ठाण मांडून बसलेला.

आधी बिनखर्ची उपाय केला. कॅनलमध्ये नीट बसणारा गटापर्चा पॉइंट (कॅनल भरायची रबरासारखी काडी) घेऊन २-३ मिलिमीटर वर-खाली, मिनिटाला शंभरेक वेळा. बोटं भरून येतात, पण बुडबुडा हटतो. किंचित गढूळ आलं. सोनिक, म्हणजे टिप थरथरवून औषध ढवळणारं यंत्र, आज काढलंच नाही. त्याची प्लास्टिकची टिप भिंत खरवडत नाही म्हणून वाकड्या कॅनलला मला तीच बरी वाटते, पण जोर कमी. थेट अल्ट्रासॉनिक घेतलं. त्याची टिप सेकंदाला २५-३० हजार वेळा थरथरते. पथ्य एकच, भिंतीला टेकवायची नाही. टेकली की थरथर मरते, वर खाच पडते ती वेगळीच. गेल्या वर्षी एका वाकड्या मुळात माझ्याच हातून टोक तुटलंय, त्यामुळे हात अजून जरा बिचकतो.

२० सेकंद. ताजा हायपो. पुन्हा २०. दुसऱ्या फेरीत भिंगातून पाहते तर दोन कॅनलच्या मधल्या रेषेतून पांढुरकी धूळ उसळून वर आली. इतका वेळ कुठे होती ही? तिसऱ्या फेरीला थोडी, चौथीला नाही. मग भिंतीवरचा भुग्याचा थर काढायला १७ टक्के ईडीटीएचं द्रावण, मिनिटभर.

हेच औषध ढवळायच्या लेझरचं माहितीपत्रक टेबलावर पडून होतं. किंमत लाखांत. आजचं पाहून तूर्त तरी ते खणात गेलं.

दाढेभोवतीचा रबर डॅम (रबरी पडदा) काढल्यावर काकांनी आधी जबडा चोळला. "अहो डॉक्टर, दाढ भरणार म्हणालात, तुम्ही तर नुसती धूतच बसलात!"

भरायचं शुक्रवारी. नव्या मरून टॉपच्या बाहीवर हायपोचा नारिंगी ठिपका पडलाय. या वर्षातला तिसरा टॉप.