कुरुकारुनि यांचं खातं

पगार जमा व्हायला खातं हवं होतं आणि खातं उघडायला सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का. जपानात हामामात्सुला आलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी शिक्के कोरणाऱ्याच्या दुकानात उभा होतो. आडनाव काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, कोरून घेतलं. जपानीत 'ल' नाही, त्यामुळे कुलकर्णीचा कुरुकारुनि झाला.

बँकेचं नाव लिहीत नाही, तिथल्या प्रांतातलीच एक. काउंटर तीनला बंद, म्हणून अर्धी रजा टाकली. सहा महिने न झालेल्या परदेशी माणसाला एरवी अनिवासी धरतात. जपानात नोकरी असेल तर निवासी. कंपनीचं पत्र नसतं तर दारातूनच परत आलो असतो.

मग फॉर्म. पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, म्हणजे इथेही हवं. ते लिहीपर्यंत चौकोन संपले. तारखेत २०२४ चालत नाही, सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष, रेइवा ६ लिहायचं. मी सवयीने २ लिहिला आणि त्यावरच ६ गिरवला. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दोन्ही हातांनी, वाकून परत केला. चुकीवर दोन आडव्या रेघा, त्यावर शिक्का, शेजारी नवा आकडा. हात हलला, शिक्का फराटला. नवा फॉर्म. असे तीन झाले.

सोबत ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी होते, मूळचे नागानोतल्या उएदाचे. माझा चेहरा बघून त्यांनी बँकांच्या गोष्टी काढल्या. १८७२च्या राष्ट्रीय बँक कायद्यानंतर निघालेल्या बँकांना नाव म्हणून चक्क नंबर मिळाले, थेट १५३ पर्यंत. म्हणायला 'राष्ट्रीय', मालक खासगी. सेंदाईची ७७, गिफूची १६, ताकामात्सुची ११४ अजून तोच नंबर लावतात. उएदाची होती १९. ती रेशमाच्या धंद्याला कर्ज द्यायची. मंदीत रेशमाचे भाव कोसळले आणि १९३१ साली ती ६३ नंबरच्या बँकेत मिसळली. नव्या बँकेचं नाव काय ठेवलं असेल? हाचिजुनी, म्हणजे ८२. मी मनातल्या मनात बेरीज करून पाहिली. आपल्याकडे यावर समिती बसली असती.

तेवढ्यात माझा नंबर पुकारला. हजार येन भरले, पासबुक हातात आलं.

बाहेर पडताना ते म्हणाले, शिक्का आणि पासबुक एका खणात ठेवू नका, चोराचं काम सोपं होतं. पासबुक कपाटात आहे. शिक्का मेतकुटाच्या डब्यात.