उड्या न मारणारे कांगारू

कांगारू म्हटलं की उडी, हे डोक्यात इतकं फिट्ट बसलंय की एखादा कांगारू माणसासारखा एकेक पाय टाकत चालायचा असं कोणी म्हटलं तर आपण हसू. पण प्रोकॉप्टोडॉन या नामशेष कांगारूबद्दल नेमकं हेच म्हणतात. आजवरचा सगळ्यात मोठा कांगारू, वजन अंदाजे 230-240 किलो, तोंड आखूड, मागच्या पायाला एकच बोट आणि हाताची दोन बोटं लांबच लांब, बहुतेक फांद्या खाली ओढून पाला खायला. 2014 मध्ये जीवाश्म-अभ्यासक क्रिस्टीन जॅनिस आणि मंडळींनी याच्या अख्ख्या खानदानाची, म्हणजे स्थेन्युराईन गटाची हाडं मोजली. आजचे कांगारू हळू चालताना हात आणि शेपटी जमिनीला टेकवतात, यांचे हात त्या कामाचे नव्हतेच, उलट कंबर आणि घोटा असा दणकट की एका पायावर सगळा भार पेलावा. सगळ्यांना पटलंय असं नाही, मला मात्र पटतं, एवढं धूड जन्मभर उड्या मारणार म्हणजे टेंडनचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं) काय होईल विचार करा!

आता या खानदानातलं आज कोणी उरलंय का? 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञ टिम फ्लॅनरींनी एक वारस सुचवला होता, बँडेड हेअर-वॉलबी, जेमतेम दीड-दोन किलोचा पट्टेवाला जीव, मुख्य भूमीवरून संपला पण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेच्या बेटांवर तगून राहिला. कवटी-दातांवरून नातं जुळत होतं खरं. मग टास्मानियातल्या गुहेत मिळालेल्या साधारण 45,000 वर्षं जुन्या हाडांतून (त्यात एका स्थेन्युराईनचीही होती) डीएनए काढला, 2015 ला पेपर आला आणि हे नातं बाद झालं. म्हणजे स्थेन्युराईनांच्या घराला कुलूपच. (रिचर्ड ओवेनसारखा दिग्गज जीवाश्मतज्ज्ञही असाच फसलेला, 1873 मध्ये त्याने पॅलॉर्केस्टीस या नामशेष प्राण्याला महाकाय कांगारू ठरवलं, तो निघाला वॉम्बॅटच्या, म्हणजे बिळात राहणाऱ्या बुटक्या ऑस्ट्रेलियन प्राण्याच्या भावकीतला.)

त्याच टास्मानियाच्या हाडांत प्रोटेम्नोडॉन नावाचा आणखी एक नामशेष कांगारूही होता, तो मात्र आजच्या मोठ्या कांगारूंचा जवळचा नातेवाईक निघाला. मग तो तरी नीट उड्या मारत असेल ना? तर 2024 मध्ये याच्या तीन नव्या प्रजातींचं वर्णन आलं, त्यातली व्हिएटर लांब पायांची, बऱ्यापैकी उड्या मारणारी, आणि मामकुरा जाडजूड हाडांची, बहुतेक वेळ चार पायांवरच चालणारी. एकाच वंशातल्या सख्ख्या बहिणी या.