निळू फुले आणि आमची आजी

निळू फुले पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते, हे पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, मग लोकनाट्य, आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' हा सिनेमा. पुढे १९७५ च्या 'सामना'तला साखरसम्राट हिंदूराव. उगाच आवाज चढवायचा नाही, घाई करायची नाही, नुसतं डोळ्यांनी समोरच्याला जोखायचं. तसला धाक नंतरच्या ओरडणाऱ्या खलनायकांना काही जमला नाही (माझं मत, भांडायला या!).

आज नागपूरच्या उन्हात बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून महाल भागातल्या घरी कूलरपुढे बसून आजीला 'सिंहासन' दाखवला. निळूभाऊ दिसताच ती खवळली. "आला मेला! आता कोणाच्या पोरीवर नजर ठेवते पाहाय!"

आजी, यात तो पत्रकार आहे गं, दिगू टिपणीस. कोणाच्या वाटेला जात नाही. पण छे! दिगू बिचारा पुढाऱ्यांचं मुकाट ऐकून घेतोय, तर ही म्हणते, "ऐकते कसा पाहाय ना, चोट्टा!"

शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा मात्र तिने रिमोट मागितला. आवाज वाढवायला.