संध्याकाळी पाचपर्यंत कळवा

ऑफर लेटर येऊन नऊ दिवस झाले होते आणि दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी सकाळी घरातून निघताना माझं उत्तर हो होतं. रात्रीच चार ओळींची मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवली होती, फक्त पाठवायची बाकी होती.

थोडं मागचं सांगते. मी नऊ वर्षं डेटा ॲनालिसिसचं काम केलं. काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती, कोणी छळलं म्हणून पळाले असं अजिबात नाही. घड्याळं शिकायला लागले ते आधी फक्त शनिवार-रविवार. ज्यांच्याकडे शिकले त्यांना मी काका म्हणते, चाळीस वर्षं एकाच टेबलावर बसून घड्याळं उघडलेला माणूस. आणि मग दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर पूर्णवेळ बसायला लागले. सेलची घड्याळं पण करतो आम्ही, पण माझा जीव चावीच्या घड्याळात.

ऑफर माझ्या जुन्या टीम लीडकडून आली होती, ती आता दुसऱ्या कंपनीत मोठ्या पोस्टवर आहे आणि तिला तिची टीम सांभाळायला माणूस हवा होता. आत्ता मला महिन्याला जे मिळतं त्याच्या साडेतीन पट पगार. नवऱ्याने एकदाही "घेच" म्हटलं नाही, पण त्याने घरखर्चाची शीट केली आहे आणि त्यात एक लाल रेघ आहे, त्या रेघेपर्यंत आमची बचत पुरते. ती रेघ चार महिन्यांवर आली होती आणि ती मला रोज दिसत होती. म्हणून हो.

तर त्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एक बाई आल्या, सत्तरीच्या पुढच्या. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं, पांढरी डायल, लांब सेकंद काटा. म्हणाल्या, "मी नर्स होते, छत्तीस वर्षं. ह्याच्यावर नाड्या मोजल्या मी." घड्याळ दिवसाला वीस मिनिटं पुढे पळत होतं, दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की आतलं मशीन काढून सेलचं मशीन टाकून देतो, बाहेरून तसंच दिसेल. त्यांना ते नको होतं. कारण विचारलं नाही मी, त्यांनीही सांगितलं नाही.

जुनी सवय, मनात लगेच हिशोब झाला. दिवसाची मिनिटं १,४४०, त्यात वीस म्हणजे साधारण १.४ टक्के. म्हणजे ह्या घड्याळावर एक मिनिट मोजलं तर ७२ ची नाडी ७१ भरणार. त्यांना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, गंभीरपणे म्हणाल्या, "एकाचा फरक पण फरकच असतो."

घड्याळ एकदम पुढे पळायला लागलं की पहिला संशय मॅग्नेटचा. फोनचा स्पीकर, पर्सचं चुंबकाचं बटण, टॅबलेटचं कव्हर, कशानेही होतं. छोटं होकायंत्र जवळ नेलं तर सुई हलली. डीमॅग्नेटायझरवरून (चुंबकत्व काढणारं मशीन) फिरवलं, सुई शांत झाली, मला वाटलं झालं काम. टाइमग्राफरवर लावलं (घड्याळाची टिकटिक मायक्रोफोनने ऐकून वेग सांगणारं मशीन), तर अजूनही दिवसाला बारा मिनिटं पुढे. आणि ॲम्प्लिट्यूड फक्त १९०, म्हणजे बॅलन्स व्हील (मागेपुढे झोके घेऊन घड्याळाचा वेग ठरवणारं चाक) एका बाजूला निदान २७० अंश तरी फिरायला हवं ते जेमतेम १९० फिरत होतं.

मागचं झाकण उघडून भिंगातून बघितलं आणि पोटात कालवलं. हेअरस्प्रिंगला कोणीतरी तेल लावलं होतं. हेअरस्प्रिंगला तेल कधीच लावत नाहीत! तेलाने वेटोळी एकमेकांना चिकटतात, चिकटली की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, आणि लांबी कमी झाली की घड्याळ धावतं. वर बाहेरच्या वेटोळ्याला रेग्युलेटरच्या (वेग कमी-जास्त करायचा भाग) पिनांपाशी एक बाक आला होता, चिमटा घसरला असणार. त्यामुळे आतलं वेटोळं पिनेला टेकत होतं. ज्याने केलं त्याला दिसलं नसेल असं नाही, दिसलं असेल आणि म्हणूनच सेलच्या मशीनची गोष्ट निघाली असेल.

काकांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि भिंग परत माझ्या हातात दिलं. "तूच कर," एवढंच.

आता हे हेअरस्प्रिंग म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे. केसाहून बारीक धातूची पट्टी, सपाट गुंडाळलेली, वेटोळ्यांमध्ये सारखं अंतर. बॅलन्स व्हील एकीकडे फिरतं, स्प्रिंग त्याला परत ओढते, मग ते दुसरीकडे जातं, परत ओढते, ह्या घड्याळात तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच टिक. १६७५ मध्ये ह्यूजेन्सने हे बसवून दाखवलं आणि खिशातलं घड्याळ भरवशाचं व्हायला लागलं. पुढे कितीतरी वर्षं एक अडचण होती, साधी पोलादी स्प्रिंग उन्हाळ्यात सैल पडायची आणि घड्याळ मागे पडायचं. गियोम नावाच्या शास्त्रज्ञाने निकेल-पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की त्यावर तापमानाचा परिणाम जवळजवळ होत नाही, आणि १९२० चं फिजिक्सचं नोबेल त्याच कामासाठी मिळालं. म्हणजे माझ्या चिमट्यात जी गोष्ट आहे तिच्यापाठी नोबेल आहे, हे मला दर वेळी आठवतं आणि दर वेळी बरं वाटतं.

तर आधी मेनस्प्रिंगची, म्हणजे चावी दिल्यावर ताकद साठवणाऱ्या मोठ्या स्प्रिंगची, सगळी ताकद हळूहळू सोडायची. नाहीतर पॅलेट फोर्क (चाकांना टिकटिकीला अडवणारा-सोडणारा भाग) काढल्याक्षणी सगळी चाकं भन्नाट सुटतात आणि दात मोडतात. मग बॅलन्स काढला, स्प्रिंग लोंबकळत बाहेर आली, ह्या क्षणी मी अजूनही श्वास धरते. सगळं मशीन सुटं केलं, धुतलं, स्प्रिंग वेगळ्या सॉल्व्हंटमध्ये बुडवली. तेल निघालं, वेटोळी सुटी झाली. राहिला बाक.

बाक काढायला दोन चिमटे लागतात. एकाने बाकाच्या अलीकडे धरायचं, नुसतं धरायचं, दाबायचं नाही, आणि दुसऱ्याने पलीकडून उलट्या बाजूला इतकं कमी वळवायचं की आपण काही केलंय असं वाटतच नाही. मग सोडायचं आणि बघायचं. जास्त झालं तर दोन बाक होतात, मग तीन, मग ती स्प्रिंग गेली. शिकायला लागले तेव्हा काकांनी मला एक डबी दिली होती भंगारातल्या बॅलन्सांची, म्हणाले ह्या सगळ्या बिघडव. पहिल्या चाळीसेक मी खरंच बिघडवल्या. आणि एक गोष्ट तेव्हाच कळली होती. शनिवारी सकाळी बसले की दुपारपर्यंत हाताला काही सापडायचंच नाही, दाब किती द्यायचा ते बोटं विसरलेली असायची. रविवारी दुपारी कुठे हात बसायचा, तर संध्याकाळ व्हायची, आणि सोमवार ते शुक्रवार की-बोर्ड. पुढच्या शनिवारी परत पहिल्यापासून. दोन वर्षं तसं केलं मी. नोकरी सोडल्यावर तिसऱ्या महिन्यात एक दिवस बाक पहिल्या प्रयत्नात सरळ झाला आणि मला कळलंच नाही की झाला, कारण बोटांनी केलं होतं.

त्या दिवशी सात वेळा धरलं-सोडलं. दीड तास लागला. सातव्या वेळी वेटोळी सारख्या अंतरावर आली, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. मान इतकी आखडली होती की वळेना. घड्याळात बघितलं तर पावणेचार.

फोनवर दोन मिस्ड कॉल. जुन्या टीम लीडचेच. बाहेर जाऊन लावला.

"अगं एचआर मला विचारतेय, तुझं अजून काही आलं नाही म्हणून. करतेयस ना जॉइन?"

मी हो म्हणणार होते. शपथेवर सांगते, तोंडात हो होतं. पण मी आधी विचारलं की जॉइनिंग डेट तीन महिने पुढे नेता येईल का, कारण माझ्याकडे कामं घेतलेली आहेत. ती म्हणाली तीन महिने नाही गं शक्य, जास्तीत जास्त तीन आठवडे. आणि मग अगदी प्रेमाने म्हणाली, "तू घड्याळं सोडू नकोस ना, कोण सांगतंय सोड म्हणून, शनिवार-रविवारी कर की पूर्वीसारखी."

आता हेच वाक्य नऊ दिवस मी स्वतःलाच सांगत होते. ह्याच वाक्यावर तर ती ड्राफ्टमधली मेल उभी होती. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि हातात अजून तो ताण होता, अंगठा आणि तर्जनी अजून अर्धवट मिटलेलीच होती, आणि मला दिसलं की शनिवार-रविवारी आज केलं ते मला करता आलं नसतं. मी ते घड्याळ परत केलं असतं, किंवा बाक वाढवून ठेवला असता. शनिवारी हात शोधण्यातच जातो.

मी म्हटलं, "शनिवार-रविवारी होत नाही गं हे. करून बघितलंय मी."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं, "म्हणजे नाही?"

"म्हणजे नाही."

तिला वाईट वाटलं, लपवलं नाही तिने. म्हणाली वरून सांगून बघते, पगार थोडा वाढवता येईल. मी म्हटलं त्याचा प्रश्न नाही. खरं तर त्याचा प्रश्न होता आणि आहे, पण ज्या गोष्टीला नाही म्हणत होते ती पगार नव्हती. तिने सांगितलं की मेल टाक, रेकॉर्डवर राहील. जुनी मेल डिलीट करून चार वीसला नवीन पाठवली, दोन ओळींची, आभार मानून. पाय थरथरत होते. खूप छान मोकळं वगैरे काही वाटलं नाही, भीती वाटली, आणि त्या भीतीतच नवऱ्याला फोन केला.

त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "ठीक आहे. मग आपण ती रेघ पुढे कशी न्यायची ते बघू. रात्री बसू." रात्री खरंच बसलो, साडेबारापर्यंत. त्याने सुचवलं की दुकानातल्या घड्याळांसोबत दुसऱ्या दुरुस्तीवाल्यांची फक्त हेअरस्प्रिंगची कामं घे, कारण तेच बऱ्याच जणांना जमत नाही किंवा वेळ नसतो. मला हे सुचलंच नव्हतं. काकांनी दुसऱ्या दिवशी तिघांना फोन केले. पहिलं पाकीट त्याच आठवड्यात आलं, पाच बॅलन्स.

नर्सबाईंचं घड्याळ दुसऱ्या दिवशी जोडलं. तेल देताना घाई चालत नाही, ताकदीच्या हळू चाकांना जाड तेल, बॅलन्सला पातळ, आणि पॅलेट फोर्कचे पिव्हट, म्हणजे आसाची बारीक टोकं, कोरडेच. ॲम्प्लिट्यूड २७५ आलं. डायल वर ठेवून दिवसाला नऊ सेकंद पुढे, उभं धरून चार सेकंद मागे. इतक्या जुन्या मशीनला ह्याहून जास्त मी मागणार नाही. तीन दिवस वेगवेगळ्या पोझिशनमध्ये ठेवून बघितलं आणि मग त्यांना बोलावलं.

त्या आल्या, कानाला लावलं, मनगटावर बांधलं. मला वाटलं आता निघतील. तर म्हणाल्या, "हात दे." मी दिला. त्यांनी तीन बोटं माझ्या मनगटावर बरोबर एकदाच टेकवली, चाचपडल्या नाहीत, आणि सेकंद काट्याकडे बघत गप्प उभ्या राहिल्या. काकांनी पण हातातलं काम थांबवलं होतं. अर्धं मिनिट झालं.

"एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे ब्याऐंशी. जरा भरभर चाललीय तुझी. पण नियमित आहे."