मदनिकांच्या पायाशी

कर्नाटकातल्या बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात जाऊन दर्पणसुंदरी, म्हणजे आरशात पाहणारी दगडी सुंदरी, पाहिली नाही, असा माणूस विरळा. मीही आधी तिच्याकडेच गेलो. पण पहिली प्रदक्षिणा होईतो डोळे तिच्यासारख्या मदनिकांवरून, म्हणजे कोरलेल्या सुंदरींवरून, खाली घसरले आणि मग तिथेच राहिले.

छज्जाखाली, खांबांच्या माथ्यांशी, बाहेरच्या अंगाला अशा 38 मदनिका आहेत. वेलींच्या कमानीत पुढे झुकलेल्या. खालून मान वर करून पाहणाऱ्याला त्या नीट दिसाव्यात, म्हणून हा झुकाव. त्यातली एखादी नाचत असली की तिच्या पायाशी दोन्ही बाजूंना वीतभर उंचीचे वादक असतात. कुणी मृदंग वाजवतोय, कुणी टाळ. एकाने हात उचललाय, थाप अजून पडायचीय. नर्तकीचा पाय तेवढ्यासाठीच थांबलाय असं वाटतं! मृदंगाच्या वाद्या सुट्या, बोटांच्या पेरांमधून उजेड आरपार. खाणीतून निघतो तेव्हा हा दगड मऊ असतो, उघड्यावर राहिला की टणक होतो. म्हणूनच एवढं बारीक काम जमलं. पण दगड मऊ असून भागत नाही, कोरणाऱ्याला ताल कळावा लागतो. काही मूर्तींखाली जुन्या कन्नडमध्ये शिल्पींची नावं आहेत. बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण हे त्यांतलेच. बापलेकांनी एकाच मंदिरावर सह्या केल्यात, हे वाचून मी बराच वेळ तिथून हललो नाही.

आत, नवरंगात, म्हणजे मंदिराच्या मंडपात, मधोमध गुळगुळीत गोल चौथरा आहे. तो नृत्यसेवेचा. राजा विष्णुवर्धनाची राणी शांतला इथे नाचायची, असं सगळेच सांगतात. शिलालेखांत तिच्या गाण्याची, वाद्यांची, नृत्याची तारीफ आहे, त्यामुळे मला ते सहज पटतं. मंदिर 1117 सालचं, विष्णूचं. राणी मात्र जैन.

हळेबीडला होयसळेश्वर मंदिराच्या भिंतींवर वादक आणि नर्तकी इतक्या आहेत की दुपार पुरली नाही. तिथे पुन्हा जायचंय.

तिसऱ्या दिवशी श्रवणबेळगोळला गेलो. गोमटेश्वराच्या समोरची टेकडी म्हणजे चंद्रगिरी, तिथे फारशी गर्दी नसते. शांतलेने 1123 साली बांधलेली सवतिगंधवारण बसदी, म्हणजे जैन मंदिर, तिथे आहे. आत तीर्थंकर शांतिनाथ. बाहेरून ग्रॅनाइटच्या साध्या भिंती. दोन दिवसांच्या सवयीने मी भिंतीभर मृदंगवाला शोधत होतो. त्या कातळाला पाठ टेकून बसलो, तेव्हा पाठीला दगड उन्हाने तापलेला लागला, आणि डोक्यात बेलूरचा तो उचललेला हात होता.