बाईंच्या फ्रिजमधले कंद

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि डोळ्यांपुढे आली ती विहिरीजवळची ग्लॅडिओलसची रांग आणि आमच्या जीवशास्त्राच्या बाई.

1991 साली मी आठवीत होतो. फुलं होऊन गेली, पानं पिवळी पडली, तसे मार्चमध्ये बाईंनी आमच्याकडून कंद काढून घेतले. त्यातले दहा मी कुणाला न विचारता लगेच शेजारच्या वाफ्यात पुरले. परीक्षा चालू असतानाही रोज पाणी घालायचो. महिना उलटला तरी एकही कोंब दिसेना. आपण कंद मारले या भीतीने रडकुंडीला येऊन मी बाईंपुढे कबुली दिली.

बाई रागावल्या नाहीत. खुरप्याने एक कंद उकरला, वरची तपकिरी साल सोलली आणि माझा अंगठा धरून त्यावर दाबला. कंद टणक होता. "मेला असता तर बोट रुतलं असतं. झोपलाय तो." मग विहिरीच्या कठड्यावर बसूनच त्यांनी समजावलं. नुकत्याच काढलेल्या कंदात अ‍ॅब्सिसिक आम्ल भरपूर असतं, ते डोळे फुटू देत नाही. दोन-तीन महिने थंडाव्यात राहिला की ते ओसरतं, जिब्रेलिन या वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि कोंब येतो. जपानात बुरशी लागून भाताची रोपं भलतीच उंच वाढायची; बुरशीतल्या द्रव्यामुळे तसं होतं हे कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञांनी 1926 साली दाखवलं, ही जिब्रेलिनची गोष्टही तिथेच ऐकली.

उरलेले कंद बाईंनी कापडी पिशवीत घालून स्वतःच्या घरी फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात ठेवले. ऑगस्टअखेर पिशवी वर्गात उघडली, तर कंदांच्या बुडाशी पांढऱ्या मुळांचे ठिपके आणि वर टोकदार कोंब! तो दिवस मी कधीच विसरणार नाही.

आज माझा दोन एकर ग्लॅडिओलस आहे. एप्रिलमध्ये कंद शीतगृहात जातात, चार-पाच अंशांवर, लावणी सप्टेंबरात. हे सगळं बाईंचं देणं आहे. गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा विहीर बुजलेली आणि वाफ्यांवर फरशी घातलेली पाहून जीव तुटला. एक रांग तरी राहायला हवी होती.

तीन दिवसांच्या समारंभासाठी शंभर दांडे पाठवतो आहे. खालच्या कळीला रंग दिसताच कापलेले असतील, म्हणजे तिन्ही दिवस वरच्या कळ्या उमलत राहतील. बाईंच्या खुर्चीजवळची फुलदाणी मात्र मी स्वतः येऊन लावणार.