बोर्ड आहे, दिसत नाही

"बोर्ड आहे की तिथे. आमच्या नोंदीत आहे."

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. चौकाच्या कोपऱ्यावर 'नो पार्किंग'चा बोर्ड होताच. फक्त त्याला खेटून एक उंच टेम्पो उभा होता, त्यामुळे आम्हाला खाली नुसता खांब दिसत होता!

मला मात्र बोर्डापेक्षा टेम्पो जास्त खटकला. रस्ता ओलांडायला आलेलं एक पोरगं त्याच्याआडून मान काढून बघत होतं. ताशी 40 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 11 मीटर कापते. पोरगं दिसून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर सहज संपतं, ब्रेक लागणं त्यानंतरचं. कोपरा मोकळा असेल तर दोघं एकमेकांना आधीच दिसतात. एवढं साधं आहे हे.

कॅलिफोर्नियात म्हणूनच झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे 20 फुटांत गाडी लावायला बंदी आहे, तिथे बोर्ड असो वा नसो. न्यू जर्सीतल्या होबोकेन शहराने तर कोपऱ्यांवर खांब रोवले, सायकलींचे स्टँड बसवले. गाडी लावायला जागाच ठेवली नाही. 2017 नंतर कित्येक वर्षं तिथे रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. अर्थात ही सगळी खांबांची करामत नाही, वेगमर्यादाही उतरवली होती.

साहेबांनी वहीत लिहून घेतलं, 'आणखी एक बोर्ड लावणे'.

कोपऱ्यावर चार खांब रोवायला कुणाची सही लागते, कुणाला माहीत आहे का?